नेपरव्हिल ते सेलम: डिव्हिजन थ्री फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी केलेला प्रवास

आमची मुलगी नेपरव्हिलच्या नॉर्थ सेंट्रल महाविद्यालयात शिकली आणि 2021 मध्ये पदवी घेऊन नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेली. शनिवारी दुपारी त्या महाविद्यालयाच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉल पाहायला जाण्याची आमची सवय मात्र तिच्यामागेही टिकून राहिली. शिकागोच्या पश्चिमेकडील या शहरात भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत, मराठीही आहेत, परंतु त्या मैदानावर आपली माणसे अभावानेच दिसतात. डिसेंबर 2023 मध्ये आम्ही पती-पत्नी या संघामागे व्हर्जिनियातील सेलमपर्यंत गेलो. पुढे कोणाला अशा प्रवासाची इच्छा झाली तर आमचा अनुभव उपयोगी पडावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल म्हटले की लाखभर प्रेक्षकांची मैदाने आणि कोट्यवधी डॉलरचे प्रशिक्षक आपल्या डोळ्यांसमोर येतात. डिव्हिजन थ्री हे जग त्याहून अगदी निराळे आहे. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संस्थेने 1973 मध्ये हा विभाग सुरू केला आणि त्यात आज सुमारे 240 महाविद्यालयांचे फुटबॉल संघ आहेत. या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. मुलाला गुणवत्तेवर किंवा कुटुंबाच्या गरजेनुसार मदत मिळू शकते, परंतु तो उत्तम खेळतो म्हणून शुल्कात एक डॉलरचीही सवलत मिळत नाही. शनिवारी मैदानात उतरणारा मुलगा सोमवारी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभा असतो, आणि बहुतेकांच्या खेळाची अखेर शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या सामन्याबरोबर होते. बाद फेरीत हरणाऱ्या संघातील वीस-पंचवीस मुलांच्या आयुष्यातील तो अखेरचा सामना असतो, ही गोष्ट प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येक पालकाला ठाऊक असते. माझ्या मते या स्पर्धेचे सारे गांभीर्य त्यातूनच येते.

अंतिम सामन्याला स्टॅग बोल म्हणतात. ज्यांचे नाव त्याला दिले आहे, ते एमोस अलोन्झो स्टॅग 1892 पासून 1932 पर्यंत शिकागो विद्यापीठाचे प्रशिक्षक होते आणि 1965 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी निवर्तले. अक्रोडाचे लाकूड आणि कांस्य यांपासून बनवलेल्या चषकामुळे या विभागाचे जुने चाहते विजेतेपदाला नुसते ‘वॉलनट अँड ब्राँझ’ म्हणतात. ते मिळवण्याच्या बाबतीत ओहायोतील माउंट युनियनची बरोबरी कोणी केलेली नाही. या संघाच्या नावावर 13 विजेतेपदे आहेत आणि त्यांपैकी 11 लॅरी केअर्स या एकाच प्रशिक्षकाच्या काळातील आहेत. 2005 पासून 2011 पर्यंत सलग सात वर्षे माउंट युनियन आणि विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर हेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले. दोघांचाही रंग जांभळा असल्याने त्या काळाचा उल्लेख आजही ‘जांभळ्या सत्ता’ असाच होतो. नॉर्थ सेंट्रलला पहिले विजेतेपद 2019 मध्ये आणि दुसरे 2022 मध्ये मिळाले.

आमच्या प्रवासाची सुरुवात घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर झाली. 9 डिसेंबरचा उपांत्य सामना नेपरव्हिललाच होता. बाद फेरीत अंतिम सामन्याखेरीज सगळे सामने दोघांपैकी एका महाविद्यालयाच्या मैदानावर, बहुधा वरच्या क्रमांकाच्या संघाकडे होतात, आणि हाच या स्पर्धेचा सर्वांत सुंदर भाग आहे. पाहुणा संघ होता आयोवातील वेव्हर्ली गावचे वॉर्टबर्ग महाविद्यालय. त्यांचे चाहते चार-पाच तासांचा रस्ता पार करून नारिंगी आणि काळ्या कपड्यांत आले होते. आमच्या मागच्या रांगेत जागा मिळालेले एक आजोबा 1960 च्या दशकात त्याच संघातून खेळलेले होते. प्रत्येक डावपेचापूर्वी ते आपल्या नातीला हळू आवाजात सांगत, “आता उजवीकडून धावतील बघ,” आणि त्यांचा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरत असे. वॉर्टबर्गने शेवटपर्यंत झुंज दिली, तरी विजय आमच्या संघाचा झाला. त्या दिवशीच्या सामन्यांतून अंतिम फेरीतील दुसरा संघ ठरला तो न्यूयॉर्क राज्यातील कॉर्टलँड.

इथपासून खरी घाई सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी सामना संपला आणि पुढील शुक्रवारी साडेसहाशे मैलांवर हजर व्हायचे होते. खेळाडूंच्या पालकांपैकी अनुभवी मंडळी आपला संघ पोहोचेल या आशेवर अंतिम सामन्याच्या गावातील खोल्या ऑक्टोबरमध्येच राखून ठेवतात, आणि संघ हरला तर रद्द करतात. रद्द करता येणारी खोली वेळेत घेणे हा या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. आम्ही रविवारी सकाळी शोध सुरू केला तेव्हा सेलममध्ये महामार्गालगत एकच खोली मिळाली. बुधवारी तेथून दूरध्वनी आला की नोंदणीत चूक झाली असून खोली उपलब्ध नाही. शेवटी शेजारच्या रोअनोक शहरात सोय झाली. ते केवळ पंधरा-वीस मिनिटांवर असल्यामुळे अडचण आली नाही. सेलममध्येच राहायचे असल्यास आंतरराज्य महामार्ग 81 वरील 137, 140 आणि 141 क्रमांकांच्या फाट्यांजवळ शोधावे.

आम्ही मोटारीने जाण्याचे ठरवले. शिकागोहून रोअनोकला विमानाने जाता येते, परंतु ऐन वेळी दोघांचे भाडे परवडणारे नव्हते. गुरुवारी पहाटे निघून आम्ही इंडियानापोलिस आणि डेटन मागे टाकले आणि तेथून 35 क्रमांकाच्या महामार्गाने आग्नेयेकडे वळलो. चिलिकॉथी, जॅक्सन आणि गॅलिपोलिसवरून ओहायो नदीकडे जाणारा हा रस्ता मोठ्या महामार्गांपेक्षा शांत आहे. मात्र अंधार पडल्यावर हरणे आडवी येण्याचा धोका असल्यामुळे तो दिवसाउजेडीच संपवावा. रात्री वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटनला मुक्काम केला आणि सकाळी टर्नपाइकला, म्हणजे टोलच्या महामार्गाला लागलो. प्रिन्सटनपर्यंतच्या या डोंगरी रस्त्यावर तीन टोलनाके आहेत आणि टोल भरण्याचा इलिनॉयचा आय-पास तेथे चालतो. वळणे तीव्र, चढ-उतार सतत आणि मालमोटारी भरपूर, त्यामुळे गाडी चालवायला दोघे असणे इष्ट. प्रिन्सटनजवळ 460 क्रमांकाचा रस्ता धरून ब्लॅक्सबर्गमार्गे ख्रिश्चनबर्गला गेलो की तेथून सेलम अर्ध्या तासावर राहते. नेपरव्हिलचे घड्याळ सेलमच्या एक तास मागे असते. परतताना हा तास परत मिळतो, पण जाताना तो हिशेबात धरायला विसरू नये.

शाकाहारी प्रवाशांनी शिदोरी सोबत ठेवावी. आम्ही दशम्या, लसणाची चटणी, चिवडा आणि बेसनाचे लाडू घेतले होते आणि दोन्ही दिवस त्यावर उत्तम भागले. मैदानावर गरम चॉकलेट आणि प्रेट्झेल सोडले तर शाकाहाऱ्याला फारसे काही मिळत नाही. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही, म्हणून प्रवेशद्वारापूर्वी गाडीतच पोटभर खाऊन घ्यावे. पर्स, पाठपिशव्या घरीच ठेवून पारदर्शक पिशवी वापरावी. भोंगे वगैरे आवाजाची कृत्रिम साधने एनसीएएच्या अजिंक्यपद सामन्यांत चालत नाहीत.

सेलम हे ब्लू रिज डोंगरांच्या कुशीतील शहर. 1993 पासून 2017 पर्यंत सलग पंचवीस वर्षे अंतिम सामना येथेच झाला. त्यानंतर तो टेक्सास, ओहायो आणि मेरीलँड असा फिरून 2023 मध्ये पुन्हा येथे आला. तो पन्नासावा स्टॅग बोल होता, आणि गावकऱ्यांना त्याचा केवढा आनंद झाला होता हे पेट्रोल पंपावरसुद्धा कळत होते. पैसे घेणाऱ्या बाईंनी आमचे लाल स्वेटर पाहून कोणत्या लाल संघाचे, असे विचारले. प्रश्न योग्य होता, कारण कॉर्टलँडचा रंगही लालच. मैदान सुमारे 7,000 प्रेक्षकांचे आहे आणि दोन्ही बाजू लाल दिसत असल्यामुळे आपला विभाग शोधताना आम्हाला दोनदा विचारावे लागले. तिकिटे आपल्या महाविद्यालयामार्फत घेतली तर आपल्या माणसांत बसता येते. घरच्या सामन्यांचा हंगामी पास बाद फेरीत चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

थंडीविषयी थोडे. डोंगरातील डिसेंबरची रात्र शिकागोएवढी बोचरी नसली, तरी ॲल्युमिनियमच्या बाकावर साडेतीन तास बसल्यावर गारठा हाडांत शिरतो. बसायला जाड गादी आणि गुडघ्यांवर घोंगडी घ्यावीच. शिवाय पायांखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, हे आम्हाला एका खेळाडूच्या आईने शिकवले. त्या बाई तीन हंगाम प्रत्येक सामन्याला पुठ्ठा घेऊन हिंडत होत्या, आणि त्यांनी त्यातला अर्धा फाडून माझ्या पत्नीला दिला.

सामन्याचा शेवट समजण्यासाठी गुणांची पद्धत माहीत हवी. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला की टचडाऊन होतो आणि त्याला सहा गुण मिळतात. त्यानंतर संघाला पर्याय असतो: चेंडू लाथेने खांबांमधून मारून एक गुण घ्यायचा, किंवा तीन यार्डांवरून पुन्हा हल्ला करून दोन गुणांसाठी प्रयत्न करायचा. एक गुण जवळजवळ हमखास मिळतो आणि दोन गुण साधारण निम्म्या वेळा. कॉर्टलँड 38 आणि नॉर्थ सेंट्रल 31 अशी स्थिती असताना, सामना संपायला दीड मिनिटाहून कमी वेळ उरलेला असताना आमच्या संघाने टचडाऊन केला. एक गुण घेतला असता तर बरोबरी होऊन सामना बहुधा जादा वेळात गेला असता. प्रशिक्षक ब्रॅड स्पेन्सर यांनी दोन गुणांसाठी जाण्याचा निर्णय घेतला. आमच्या विभागातील सगळे उठून उभे राहिले, आणि त्या क्षणी कोणी ओरडत नव्हते. कॉर्टलँडच्या बचावफळीने तो प्रयत्न अडवला. 38–37. नॉर्थ सेंट्रलची 29 सामन्यांची विजयमालिका तेथे संपली आणि कॉर्टलँडला त्यांचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले.

तो निर्णय बरोबर होता, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही संघांचा हल्ला त्या रात्री बचावाला वरचढ ठरत होता. अशा वेळी तीन यार्डांच्या एका डावावर सगळे लावणे हे जादा वेळेतील अनिश्चिततेपेक्षा वाईट नव्हते. परतीच्या वाटेवर पालकांशी बोलताना मला आढळले की त्यांच्यातील बहुतेकांचेही मत हेच होते, आणि ज्यांची मुले त्या डावात मैदानावर होती त्यांचे तर अधिकच.

सामन्यानंतर लगेच निघून जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कठड्यापाशी कुटुंबे आणि खेळाडू भेटत होते. वडिलांच्या खांद्यावर डोके ठेवून रडणारा सव्वातीनशे पौंडांचा मुलगा मी त्या रात्री पाहिला. त्याच्या शेजारून जाणाऱ्या कॉर्टलँडच्या एका आजीबाईंनी थांबून त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि काही न बोलता त्या पुढे गेल्या.

शनिवारी सकाळी हवा स्वच्छ होती, म्हणून परतण्यापूर्वी आम्ही मिल डोंगरावर जाऊन 1949 मध्ये उभारलेला रोअनोकचा प्रसिद्ध, निऑन दिव्यांचा तारा पाहिला. तेथवर गाडी जाते. पाय मजबूत असतील आणि एक दिवस जास्त असेल, तर सेलमहून 311 क्रमांकाच्या रस्त्याने मॅकॅफी नॉबच्या वाटेला जावे. हा अॅपलेशियन ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेवरील प्रसिद्ध कडा आहे, परंतु जाऊन-येऊन सुमारे आठ मैल चालावे लागते आणि डिसेंबरमध्ये पाच वाजताच अंधार पडतो. आम्ही तो मोह आवरला.

त्यानंतर स्पर्धेचे वेळापत्रक बदलले आहे आणि नव्याने जाणाऱ्यांनी ते पाहूनच बेत आखावा. 2024 च्या हंगामापासून संघांची संख्या 32 वरून 40 झाली, एक फेरी वाढली आणि अंतिम सामना जानेवारीत गेला. त्या हंगामाचा सामना 5 जानेवारी 2025 रोजी टेक्सासमधील हंबल येथे झाला आणि त्यात नॉर्थ सेंट्रलने माउंट युनियनला 41–25 असे हरवून तिसरे विजेतेपद मिळवले. उपांत्य फेरीनंतर आता दोन आठवडे मिळतात, ही सोय मोठी आहे. पण ते नाताळचे दिवस असल्यामुळे विमानभाडे चढलेले असते. आम्ही तो सामना घरीच पाहिला.

ज्यांना एवढा दूरचा प्रवास नको, त्यांनी नोव्हेंबरच्या शेवटी नेपरव्हिलला सामना असेल तर नक्की यावे. शिकागोच्या युनियन स्टेशनवरून मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या बीएनएसएफ मार्गाने नेपरव्हिल स्थानक तासाभरावर आहे आणि तेथून मैदान पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर. तिकीट आदल्या दिवशी घ्यावे, सामन्यापूर्वी तासभर आधी पोहोचावे, आणि परतीच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवावी, कारण शनिवारी गाड्या कमी असतात. पाहुण्या संघाच्या बाजूला बसायलाही हरकत नाही. पुठ्ठा मात्र बरोबर आणावा.