मोहावीचा रनवे

मोहावी एअरपोर्टवर कुणी प्रवासाचं विमान पकडायला जात नाही, तरी मला जगातलं एकच एअरपोर्ट बघायला मिळणार असेल तर मी हेच मागेन. कॅलिफोर्नियातलं वाळवंट, लॉस एंजेलिसपासून उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटर. 1935 ला आसपासच्या सोन्या-चांदीच्या खाणींसाठी छोटीशी धावपट्टी केली, मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन कोरने (सैन्याची एक शाखा) ती घेऊन पायलट लोकांना तोफा-बंदुका चालवायचं ट्रेनिंग दिलं, आणि 1961 ला सगळं परत कर्न काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याकडे आलं.

आता फोटोत दिसतात त्या रांगा, उभ्या केलेल्या मोठमोठ्या प्रवासी विमानांच्या, इंजिनं आणि खिडक्या झाकून ठेवलेल्या. हवा इतकी कोरडी की धातू लवकर खराब होत नाही, म्हणून कंपन्या इथे विमानं ठेवतात, काही परत उडतात, काहींचे पार्ट काढून घेतात आणि उरलेलं भंगारात. ते बघून मला खरंच गलबलतं.

पण त्याच रनवेवरून, साडेबारा हजार फूट लांब आहे तो, 21 जून 2004 ला स्पेसशिपवन हे छोटं रॉकेट-विमान गेलं. विमानं डिझाइन करणाऱ्या बर्ट रुटानने इथल्याच हँगरमधे बनवलेलं, एका मोठ्या विमानाच्या पोटाला लटकवून वर नेलं, तिथून सोडलं, रॉकेट पेटलं आणि पायलट माइक मेल्व्हिल एकटा 100 किलोमीटरच्या वर जाऊन परत इथेच उतरला! सरकारी पैसा नसलेलं पहिलं मानवी अंतराळ उड्डाण, आणि एअरपोर्टला स्पेसपोर्टचं, म्हणजे अंतराळयानांच्या तळाचं, लायसन्स मिळून तेव्हा जेमतेम चार दिवस झालेले.

किंमत पण मोजली रुटानच्या लोकांनी. 2007 ला रॉकेटच्या टेस्टमधे स्फोट होऊन तीन माणसं गेली. 2014 ला स्पेसशिपवनच्या पुढचं यान, स्पेसशिपटू, हवेतच तुटलं, शेपटीचं लॉक वेळेआधी उघडलं गेलं, को-पायलट मायकल अल्सबरी गेला. एवढं होऊनही तिथल्या लोकांनी काम सोडलं नाही याचा मला फार आदर वाटतो.

काम अजून चालूच आहे, टेस्ट पायलटची शाळा पण तिथेच आहे. जानेवारी 2025 मधे बूम कंपनीचं एक्सबी-1 हे चाचणी विमान इथूनच उडालं आणि आवाजापेक्षा जास्त वेगाने गेलं. तो व्हिडिओ मी तीनदा बघितला, उतरताना मागे ती झाकलेली विमानं दिसतात का ते शोधत.