पोऱ्याचं कडं

गणपतीच्या आदल्या आठवड्यात नाना पेठेतल्या आमच्या दुकानात मान वर करायला फुरसत नसते. त्यात एक पोरगा जुनी स्विफ्ट घेऊन आला. डिकीत बारा इंची वूफर, हातात कुठूनतरी सेकंडहँड उचललेला एक फॅरडचा कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून बेसच्या झटक्याला पुरवणारा डबा. तक्रार नेहमीची. बेस आपटला की हेडलाइट मिचकतात.

रिकामा कॅपॅसिटर बॅटरीला थेट जोडला तर क्षणभर शेकडो अँपिअर ओढतो. ठिणगी उडते, टर्मिनल जळतं, कधी फ्यूजही जातो. म्हणून आधी अर्थची, म्हणजे निगेटिव्हची वायर कसली आणि बॅटरीजवळच्या 60 अँपिअरच्या फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोडला. बल्ब लख्ख पेटला, मग पिवळा पडला, मग आत नुसती लाल तार उरली आणि तीही विझली.

"उडाला काय, काका?" पोरग्यानं विचारलं.

उडाला नव्हता, कॅपॅसिटर भरला होता. मीटरवर 12.4 व्होल्ट. बल्ब काढून फ्यूज घातला.

मग स्वारीच्या मनात आलं, हे सीटमागे नको, डिकीच्या उजव्या कोपऱ्यात हवं. मी फ्यूज काढला, दुकानातल्या पोऱ्याला म्हटलं, "खोल रे," आणि चहाचा ग्लास उचलला. स्टिरिओ बंद, म्हणजे स्टिरिओ चालू असल्याचा इशारा देणाऱ्या रिमोटच्या वायरीत करंट नाही, म्हणून कॅपॅसिटरवरचे व्होल्ट दाखवणारे लाल आकडेही गेलेले. पोऱ्यानं हिशोब केला, आकडे नाहीत म्हणजे आत काही नाही. वायरी सोडवल्या आणि डबा कवेत घेतला. मनगटात स्टीलचं कडं, ते दोन्ही टोकांना एकदम टेकलं.

लवंगीपेक्षा मोठा आवाज झाला. निळी चमक, जळक्या लोखंडाचा वास, आणि डबा डिकीच्या मॅटवर. कड्यावर दोन काळे खड्डे पडले होते, मनगटावर हरभऱ्याएवढा चटका. 12 व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणतात ते खरंय, पण असं भाजायला तेवढे पुरतात. हात नळाखाली धरायला लावला. पोऱ्या गप्प होता आणि मीही. दोन वर्षांत त्याला भरायचं कसं ते दहादा दाखवलं होतं, रिकामं करायचं कधीच नाही.

मग तोच बल्ब त्याच्या हातात दिला आणि कॅपॅसिटरच्या दोन्ही टोकांना लावायला सांगितला. आत अजून थोडी धुगधुगी होती. गाडीची एकही वायर जोडलेली नसताना बल्ब मिणमिणला आणि विझला. पोऱ्यानं मीटर लावून शून्य बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं.

हेडलाइटचं म्हणाल तर बॅटरीची अर्थच गंजलेली निघाली. घासून जाड वायर टाकली, मिचकणं जवळपास थांबलं. मी म्हटलं, "आता कॅपॅसिटर नसला तरी चालेल."

"असू द्या काका," गाडीवाला पोरगा म्हणाला, "ते लाल आकडे भारी दिसतात."