गाडीची सहावी बाजू

गाडीच्या पोटाखाली मी जन्मात कधी डोकावलो नव्हतो. पेट्रोलची होती तोवर तिथे सायलेन्सर आणि चिखल असतो, एवढंच ज्ञान. इलेक्ट्रिक गाडी लीजवर घेतल्यावरही रोज पुसायचो ते बॉनेट आणि काचा.

रात्रीची वेळ होती, पुढे ट्रक. ट्रकच्या खालून निसटलेली लोखंडाची कसलीशी वस्तू अचानक समोर आली. ट्रकने ती दोन चाकांच्या मधोमध घेतली होती, मीही तेच केलं. ट्रकचं पोट आणि माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून सारख्या उंचीवर नसतं, हे पुढच्याच क्षणी कळलं. आधी ‘खण्ण’, मग सीटखालून मागे जात जात ‘खर्रर्र’. डॅशबोर्डवर एकही दिवा पेटला नाही. रेंज तेवढीच, चार्जिंग नेहमीसारखं. म्हणून गप्प बसलो. तीन आठवडे गप्प बसलो, हे लिहायचीही लाज वाटते.

टायर बदलायला गेलो तेव्हा मेकॅनिकने लिफ्टखालून हाक मारली, “साहेब, जरा इकडे येऊन बघा.” काळ्या प्लास्टिकच्या आवरणाच्या दोन क्लिपा तुटून ते एका बाजूने लोंबत होतं. त्याच्या मागे बॅटरीच्या पेटीचा सपाट पत्रा. त्यावर वीतभर ओरखडा आणि ओरखड्याच्या टोकाला पोचा. वरचा लेप उडाला होता आणि उघड्या ॲल्युमिनियमच्या कडेने पांढरी भुकटी धरली होती. त्याने पोच्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि फटीत ड्रिलची पाती एकेक घालून पाहिली. तीन मिलिमीटरचं गेलं, चारचं अडकलं. इतकं साधं मोजमाप, पण पुढचं सगळं त्याच आकड्यावर ठरलं.

बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत काही शे किलोंचा बॅटरी पॅक पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये जमिनीलगत पसरलेला असतो. वळणावर गाडी घट्ट राहते ती त्याच्यामुळे, आणि दगडधोंड्यांचा पहिला मारही तोच खातो. 2013 साली अमेरिकेत एका टेस्ला मॉडेल एसने रस्त्यावर पडलेला लोखंडी तुकडा असाच खाल्ला. तो तरफेसारखा उभा राहिला आणि खालचं सुमारे 6 मिलिमीटर जाडीचं कवच फोडून आत घुसला, गाडी पेटली. 2014 मध्ये कंपनीने खाली टायटॅनियमचं कवच आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवायला सुरुवात केली. माझ्या बाबतीत आगीची नव्हे, पाण्याची भीती होती. पेटीचं सील सुटलं किंवा थंडाव्याच्या नळ्या चेपल्या, तर ओल आत शिरते आणि इन्सुलेशन, म्हणजे बॅटरीची वीज गाडीच्या सांगाड्यात न गळू देणारा अटकाव, हळूहळू उतरतं. ते तीन आठवड्यांत दिसेलच असं नाही.

अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट आलं. एकच ओळ: बॅटरी पॅक, संख्या 1. रक्कम माझ्या उरलेल्या सगळ्या हप्त्यांच्या बेरजेपेक्षा जास्त. नुसता खालचा पत्रा बदला म्हटलं, तर तो सुटा मिळत नाही. पॅक उघडायचा तर वेगळं प्रशिक्षण लागतं, आणि उघडून बंद केलेल्या पॅकवर सही कोण करणार? वॉरंटीची 8 वर्षं मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगायचो. बाहेरून बसलेला मार तीत येत नाही. विम्याच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो तारखेचा. मी तीन आठवडे मागची सांगितली. पलीकडे शांतता.

शिवाय गाडी माझी नाही, त्यामुळे बाहेरच्या ओळखीच्या माणसाकडून पत्रा सरळ करून घेण्याची सोय नाही. करारात स्वच्छ लिहिलंय. पण तपासणी दुसऱ्या मान्यताप्राप्त वर्कशॉपकडे मागता येते, हेही त्याच पानावर होतं, शोधावं लागलं. त्यांनी पॅकमध्ये हलका हवेचा दाब भरून तो उतरतो का ते पाहिलं. उतरला नाही. मग इन्सुलेशन मोजलं. नियम व्होल्टमागे किमान 100 ओहमचा, म्हणजे 400 व्होल्टच्या गाडीला 40 हजार. माझी त्याच्या कितीतरी पट वर निघाली. पोचा उत्पादकाच्या मर्यादेत बसला. लेप, आवरण, क्लिपा एवढ्यावर भागलं. बिल एका हप्त्यापेक्षा कमी. पहिल्याच एस्टिमेटला मान डोलावली असती तर, या विचाराने आजही घाम फुटतो.

मात्र तिथल्या माणसाने टॉर्च सरकवत विचारलं, “आणि हा कशाचा?” डाव्या कडेला, जॅक लावायच्या जागेच्या आत चार बोटांवर, गोल वाटीसारखा खळगा. हा रस्त्यावरचा नव्हे. कोणीतरी जॅक चुकीच्या जागी लावून गाडी उचलली होती. टायरवाल्याने? की माझ्या हाती यायच्या आधीच कोणी? सिद्ध करायला माझ्याकडे एकही फोटो नव्हता.

घरी येऊन गाडी ताब्यात घेतानाचा फॉर्म काढला. त्यावर गाडीचं रेखाचित्र आहे: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून. दारावरच्या केसाएवढ्या ओरखड्यावरही मी फुली मारून घेतली होती. खालून चित्रच नाही.

मग फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर मीच गाडीचं पोट काढलं, दोन फुल्या मारल्या, मापं लिहिली आणि वर्कशॉपच्या रिपोर्टसह लीज कंपनीकडे सही मागायला गेलो. “अशी पद्धत नाही,” म्हणाले, “मेल करून ठेवा.” केला, सतरा फोटो जोडून. गाडी परत करायला चौदा महिने आहेत. पोचा जागेवर आहे, पोच अजून आलेली नाही.