चारवरच चालणारा ब्लोअर

२३ डिसेंबर, रात्री

थंडी पडली की ही तक्रार हमखास येते. गाडीत हीटर लावला तर हवा फेकणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, एक, दोन, तीनवर मुका आणि चारवर एकदम सोसाट्याने सुरू. एसीची हवाही हाच ब्लोअर फेकतो, पण उन्हाळ्यात बटण बहुतेक चारवरच असतं, त्यामुळे दोष महिनोन्महिने लपून राहतो.

चारवर पंखा फिरतोय म्हणजे मोटर जिवंत आहे, मुख्य फ्यूज शाबूत आहे. मग मोटर बदलायची घाई कशाला? साध्या, हाताने फिरवायच्या बटणाच्या गाडीत वेग कमी होतो तो रेझिस्टरमुळे, म्हणजे करंट अडवणाऱ्या भागामुळे. त्यावर तीन कॉइल एकामागे एक जोडलेल्या असतात. एकवर करंट तिन्हींतून जातो, दोनवर दोघींतून, तीनवर एकीतून. चारवर रेझिस्टर टाळून थेट. बहुतेक रेझिस्टरवर थर्मल फ्यूजही असतो, म्हणजे फार तापलं की तुटणारा फ्यूज. तो उडाला की खालचे तिन्ही वेग एका दमात जातात.

एवढं पक्कं असलं की डॅशबोर्डला हात लावण्याआधीच निम्मं निदान होतं. फक्त एक नंबर गेला, तर त्याची स्वतंत्र कॉइल तुटली असावी. एक आणि दोन गेले पण तीन चालतो, तर मधली. मात्र एक चालतो आणि दोन नाही, असं असेल तर रेझिस्टरवर आळ घेऊ नये, कारण एकचा करंट दोनच्याच कॉइलींतून पुढे जातो. तिथे दोष स्विचच्या कॉन्टॅक्टमध्ये किंवा त्या वायरीत. चार बंद आणि बाकी सगळे चालू असतील तर रिले (विजेवर चालणारा स्विच), बटणाचा स्विच किंवा कपलरची, म्हणजे वायरींच्या जोडाची, जळकी पिन बघायची. (ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाडीत सहसा कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे हे गणित लागू नाही.)

रेझिस्टर सहसा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, हवेच्या वाटेतच बसवलेला असतो. ती हवाच त्याला गार ठेवते. इग्निशन बंद, कपलर काढायचा, बहुधा दोन स्क्रू. पंखा नुकताच चालवला असेल तर कॉइल चटका देते. मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या खुणेवर, ठेवून आधी त्याच्या तारांची दोन्ही टोकं एकमेकांना लावायची आणि दिसेल तो आकडा पुढच्या मापातून वजा करायचा. मोजायचा रेझिस्टन्सच जेमतेम अर्ध्या ते तीन-चार ओहमांच्या घरात असतो, तिथे तारांचे ०.२ ओहमही फसवतात.

थर्मल फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा डाखणं हा जुगाड करू नये. ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल झाफिरा बी गाड्या पेटू लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये कंपनीने दोन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या आणि याच फ्यूजच्या चुकीच्या दुरुस्तीकडे बोट दाखवलं. पुढच्या वर्षी त्या पुन्हा बोलवाव्या लागल्या. रेझिस्टर अख्खा बदलावा. तो महागडा भाग नाही.

पण तो जळला का, हे न बघता नवा बसवला तर तोही जाईल. मोटरचं बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) सुकलं, ती जड फिरू लागली की करंट वाढतो. पंखा हाताने फिरवून बघायचा. सैल फिरला पाहिजे, खरखर नको. चोंदलेल्या केबिन फिल्टरने मोटरवर ताण येतो असं सर्रास म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. हवा अडली की असा पंखा उलट कमी करंट खातो. मार बसतो तो हवेविना तापणाऱ्या रेझिस्टरला. झाडाखाली उभ्या गाडीत काचेखालच्या जाळीतून शिरलेला पाला, उंदराचं घरटं, पावसाळ्यात तुंबलेल्या निचऱ्यातून आत आलेलं पाणी, हेही बघायचं. कॉइलवर गंज दिसला तर पाणी नक्की.

नवा बसवल्यावर चारही वेग तपासून पंखा तीनवर आणि मग चारवर पाच-पाच मिनिटं चालवायचा, आणि बंद करून कपलरला हात लावायचा. कोमट चालेल. हात टिकत नसेल किंवा प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, तर पिनांची पकड ढिली आहे. कपलर वायरीच्या तुकड्यासकट बदलायचा.