चोरबाजारातली दोन दिवसांची घड्याळखरेदी

मुंबईच्या चोरबाजारात जायला नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने निघालो तेव्हा मामांनी पिशवीतून तीनच गोष्टी काढून मला दाखवल्या: दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च आणि मऊ फडकं. मामांनी तीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं. मला जुन्या हाताने चावी द्यायच्या घड्याळांचं वेड लागलं ते गेल्या दोन वर्षांत, आणि पहिली तीन घड्याळं मी एकटीने घेतली होती. तिन्हींच्या डायली नव्याने रंगवलेल्या निघाल्या. म्हणून या वेळी मामांना घेऊनच गेले.

सीएसएमटीला उतरून लोकलने सँडहर्स्ट रोड. तिथून भेंडीबाजारातून चालत मटण स्ट्रीट, म्हणजेच चोरबाजार. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना ग्रँट रोड स्टेशन बरं. आधी वाराचं सांगते, कारण लोक इथेच फसतात. मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटेपासून आसपासच्या रस्त्यांवर पथाऱ्यांचा बाजार भरतो आणि दुपारच्या नमाजापर्यंत आवरतो. गुरुवारी दुकानं आणि शुक्रवारी पहाट असं जमवलं तर दोन्ही बघता येतं. आम्ही रात्री दादरला मावसभावाकडे मुक्काम केला.

गुरुवारी सकाळी अकराच्या पुढे दुकानं उघडली. पहिल्याच दुकानात काचेखाली पन्नासएक घड्याळं होती, निम्मी एचएमटी, त्यात नारिंगी, पोपटी, जांभळ्या डायलींच्या ‘जनता’ मॉडेलची. मी खुश झाले. मामा म्हणाले, “अगं, एचएमटीने असले रंग कधी केले? ही सगळी रंगवलेली आहेत.” जगभरचे संग्राहक या प्रकाराला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुनं मशीन, जुनी केस (म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच), त्यावर ताजी रंगवलेली भडक डायल. घड्याळ चालतं, वेळ बरोबर दाखवतं, वापरायला घ्यायला काही हरकत नाही. पण त्याला जुन्या अस्सल घड्याळाचा भाव देऊ नये.

मामांनी मला दिवसभर एकच गोष्ट घोकायला लावली: आधी डायल, मग केस, शेवटी मशीन. मी अगदी उलटं करत आले होते. घड्याळ टिकटिकतंय ना, एवढंच बघायचे. पण मशीन दुरुस्त होतं. एचएमटीची सतरा ज्वेलची (चाकांची झीज कमी करणाऱ्या बारीक खड्यांची) मशीनं लाखोंनी निघाली, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. अस्सल डायल मात्र एकदा पुसली की कायमची गेली.

डायल कशी बघायची? भिंग लावून अक्षरांच्या कडा बघा. कारखान्यातली छपाई धारदार असते, रंग किंचित उठलेला जाणवतो. नव्याने छापलेल्या अक्षरांच्या कडा पसरलेल्या, जाडसर दिसतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या बसवलेल्या खुणांच्या बरोबर मधोमध येतात का ते तपासा. फावर-ल्यूबा या स्विस कंपनीच्या एका ‘सी किंग’वर पाच, सात आणि अकराच्या रेघा सरकलेल्या होत्या. स्विस घड्याळ असेल तर सहाच्या खाली अगदी काठाला ‘स्विस मेड’ हवं. रंगवताना ते बरेचदा गाळलं जातं किंवा वर सरकतं. आणखी एक खूण मामांनी दाखवली, जी मला कुठेच कळली नव्हती. डायल नीट बसावी म्हणून रंगवणारे कधी कधी तिच्या कडेला कानशीने खाच पाडतात. ही खाच झाकण आणि मशीन बाहेर काढल्यावरच दिसते. अशी खाच दिसली तर डायल आधी कुणीतरी हाताळली आहे असं समजा.

त्या ‘सी किंग’चे साडेचार हजार मागितले होते. केस सुरेख होती. तरी सोडलं.

पुढच्या दुकानात वेस्ट एंड कंपनीचं एक ‘सोवार प्राइमा’ होतं, आकड्यांवर आणि काट्यांवर तपकिरी पडलेला चमकता रंग. काटे जिथे वर्षानुवर्षं थांबून राहिले असतील तिथे डायलवर करपल्यासारखी सावली होती. अशी सावली त्या रंगातल्या किरणोत्सारी रेडियममुळे पडते, आणि डायल, काटे दोन्ही मूळचे असल्याचा तो चांगला पुरावा आहे. पण इथे जपा. आता तो रंग अंधारात चमकत नाही, म्हणजे रेडियम संपलं असा अर्थ नव्हे. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षांचं आहे. त्यातला चमकणारा पदार्थ थकलेला असतो, एवढंच. असलं घड्याळ घरी उघडू नका, तो रंग खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. मामांनी मागचं झाकणही उघडू दिलं नाही.

केसचं थोडक्यात सांगते. झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलेलं असलं तर फक्त झाकणच स्टीलचं आहे. वरची केस बहुधा पितळेची, क्रोमचा मुलामा दिलेली. पट्टा अडकवायच्या शिंगांच्या खालच्या बाजूला नख फिरवा. खड्डे लागले किंवा पिवळं पितळ डोकावलं तर मुलामा गेला आहे. शिंगांच्या धारा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतील तर पॉलिश जास्त झालंय. काचेच्या ओरखड्यांची काळजी करू नका. जुन्या काचा बहुतेक अॅक्रिलिकच्या, म्हणजे प्लास्टिकच्या असतात, पॉलिशने पाच मिनिटांत स्वच्छ होतात आणि बदलायलाही स्वस्त पडतात. उलट ओरखडे दाखवून भाव पाडून मागता येतो.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला पुन्हा पोचलो. अंधारात टॉर्च लागतेच. हा बाजार गोंगाटाचा, त्यामुळे फोनवरचं टिकटिक मोजायचं अॅप इथे कामाचं नाही. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून घड्याळ कानाला लावत होते. एचएमटीच्या या मशीनचे ताशी 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. डायल वर, डायल खाली, चावी खाली, अशा तीन स्थितींत ऐका. आवाज एका स्थितीत मंदावला किंवा अडखळला तर किमान साफसफाई आणि तेलपाणी धरून चाला. चावी देताना ती गुळगुळीत फिरली पाहिजे, हलत किंवा निसटत असेल तर खर्च वाढला. झाकण उघडून द्यायला विक्रेता तयार असेल तर चावीच्या दांड्याभोवती गंज बघा. घाम आणि दमट हवा तिथूनच आत शिरते. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या असतील तर बऱ्याच हातांनी ते उघडलंय.

सातच्या सुमारास एका चाचांच्या पथारीवर मला पांढऱ्या डायलची ‘जनता’ दिसली, वर नाव देवनागरीत. डायल किंचित पिवळट, आठपाशी एक डाग, अक्षरं मात्र धारदार. चाचा म्हणाले, “कंपनी का माल है, पच्चीस सौ.” मामांनी आधी माझ्याकडे बघितलं. मीच सांगावं अशी त्यांची इच्छा होती. मी डाग दाखवला, चावीची झीज दाखवली, सर्व्हिसिंगचे सातशे मनात धरले आणि बाराशे म्हटलं. चौदाशेला सौदा झाला.

भाव ठरवायची रीत हीच आहे. अस्सल डायलचं, सर्व्हिस केलेलं तेच मॉडेल कितीला *विकलं गेलं* हे आधी शोधून ठेवा, मागितलेल्या किमती धरू नका. त्यातून सर्व्हिसिंग, पट्टा आणि लागतील त्या भागांचा खर्च वजा करा. उरलं ते तुमचं कमाल. माझ्या हिशेबात तेव्हा सर्व्हिस केलेली अशी ‘जनता’ अडीच हजारांच्या आसपास जात होती. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय 2016 साली झाल्यापासून ‘कारखान्यातून आलेलं न वापरलेलं’ असं सांगून बरेच नग दाखवले जातात. त्यातले कितीतरी सुट्या भागांतून नुकतेच जोडलेले असतात. पट्ट्याच्या पिनेची भोकं आणि झाकणाच्या कडा बघितल्याशिवाय त्याला जादा पैसे देऊ नयेत.

रोख पैसे, तेही सुट्टे, जवळ ठेवा. हजार सुट्टे दाखवले की सौदा लवकर होतो. फोन पुढच्या खिशात.

दुपारी बाराच्या आधी पथाऱ्या गुंडाळायला सुरुवात झाली. संध्याकाळच्या पंचवटीत मामांनी भिंग लावून पुन्हा एकदा डायल बघितली आणि तो आठपाशी असलेला डाग कुणाला पुसू देऊ नकोस म्हणाले. रविवारी त्यांनी स्वतः मशीन खोललं, धुतलं, तेल घातलं. मुख्य कमान (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी स्प्रिंग) बदलावी लागली, तिचे दीडशे वेगळे. आता दिवसाला बारा सेकंद पुढे जातं.