मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर तेच, तास बदलते

मुंबईहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंतचं हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. पृथ्वी गोल, त्यामुळे सर्वांत जवळची वाट सरळ पश्चिमेला न जाता वायव्येला चढते: पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली आणि त्यांना अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला. थेट विमानाने जाताना १६ तासांच्या आसपास धरा, येताना १४ ते १५. हा फरक जेट प्रवाहाचा, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याचा. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. तिकिटावरच्या वेळेवर विसंबण्यापेक्षा तेच विमान गेल्या आठवड्यात रोज किती वाजता उतरलं, ते फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या वेबसाइटवर बघून घ्या.

एक थांबा घेतला तर अंतर फारसं वाढत नाही. लंडनमार्गे सुमारे १२,७५० किलोमीटर, दुबईमार्गे १२,९५०. वेळ जातो तो थांब्यावर. तरीही दोन तासांपेक्षा कमी थांबा घेऊच नये. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर टर्मिनल बदलायचं असेल तर बस आणि पुन्हा सुरक्षा तपासणी आलीच, तेव्हा तीन तास हवेत. अबुधाबीमार्गे जाताना अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. तिथेही तीन तास ठेवा, मग जेएफकेला ती रांग नाही.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असू द्या. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसऱ्याचे पैसे बुडाले. शिवाय बॅगा घ्यायला बाहेर पडावं लागलं, तर त्या देशाचा व्हिसाही लागतो.

घड्याळाचा हिशेब असा: मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, एरवी साडेदहा. म्हणजे मे महिन्यात मुंबईहून पहाटे २ वाजता सुटलेलं विमान १६ तासांनी तिथल्या सकाळी साडेआठला उतरतं, तारीख तीच. परतताना मात्र तारीख पुढे सरकते, इथला टॅक्सीवाला त्याप्रमाणे सांगून ठेवा. सगळ्यात महागात पडणारी चूक तारखेचीच. तिकिटावर १५ तारीख, पहाटे २ असं असेल, तर १४ च्या रात्री साडेदहापर्यंत मुंबई विमानतळाच्या टर्मिनल-२ ला पोचायचं.

पुढे डॅलस किंवा शिकागोला जायचं असेल आणि अबुधाबीमार्गे आला नसाल, तर बॅगेचा टॅग शेवटच्या शहरापर्यंतचा असला तरी जेएफकेला बॅगा पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून काढून पुन्हा द्याव्या लागतात. पुढचं विमान किमान तीन तासांनंतरचं घ्या. चिवडा, मसाले, लोणचं जे काही असेल ते विचारल्यावर सांगून टाका. ताजी फळं नेऊच नका, ती काढून घेतात आणि लपवली तर दंड होतो.

शहरात जायला एअरट्रेनने, म्हणजे विमानतळाच्या रेल्वेने, जमैका स्टेशन गाठा. तिथून लाँग आयलंड रेल रोड या लोकल रेल्वेने मॅनहॅटनमधलं पेन स्टेशन सुमारे २० मिनिटांवर. संध्याकाळच्या गर्दीत टॅक्सीपेक्षा हेच लवकर.