शेवट फसलेल्या के-ड्रामांचं रीवॉच : आतापर्यंत कुठवर आलेय

या वर्षी नवीन कोरियन मालिका कमी बघायच्या आणि ज्यांच्या शेवटानं आपला हिरमोड केला त्या पुन्हा काढायच्या, असं ठरवलं होतं. त्यातल्या बऱ्याच हातावेगळ्या झाल्यात, म्हणून ही नोंद. खाली सगळ्यांचे शेवट उघड केलेत. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी त्या मालिकेपुरता मजकूर सोडून पुढे जावं.

पद्धत साधी आहे. पहिले दोन भाग वही घेऊन बघते. मालिका कोणता प्रश्न उभा करतेय, कोणाला किती वेळ देतेय, एखादी गोष्ट मुद्दाम दोनदा दाखवतेय का, एवढंच टिपून ठेवते. मग थेट शेवटचे चार भाग, आणि गरज पडली तर मधले. पहिल्यांदा बघताना आठवड्याला दोन भाग यायचे आणि मधल्या पाच दिवसांत आपण सगळ्यांनी मिळून इतके तर्क लढवलेले असायचे, की शेवटी मालिकेपेक्षा आपले तर्कच जास्त आठवतात. सलग बघितलं की ते बाजूला पडतात आणि मालिका स्वतः काय सांगत होती ते दिसायला लागतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. दुःखी शेवटाला माझी हरकत नाही. पहिल्या दोन भागांत मालिकेनं जो शब्द दिला तो शेवटी पाळला का, एवढंच मी बघतेय.

या कसोटीवर सगळ्यात वाईट पडली ती ‘रीबॉर्न रिच’. जेटीबीसी या कोरियन वाहिनीवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, आठवड्याला तीन भाग, एकूण सोळा. शेवटचा भाग नाताळच्या रात्री, २५ डिसेंबरला लागला. त्याला देशभरात २६.९ टक्के रेटिंग मिळालं आणि त्याच रात्री प्रेक्षकांचा संतापही उसळला. पहिले दोन भाग पुन्हा बघितल्यावर कळलं की इतका संताप का झाला. ते दोन भाग फार पक्के बांधलेत.

युन ह्यॉन-उ हा सुनयांग या बड्या उद्योगसमूहात मालकांच्या घरची सगळी कामं निमूटपणे उरकणारा माणूस. त्याला परदेशात पाठवून मारलं जातं आणि तो १९८७ मध्ये त्याच घराण्याचा धाकटा नातू जिन दो-जुन म्हणून जागा होतो. पुढच्या काळात कोरियात काय काय होणार हे त्याला पाठ आहे. आजोबा, म्हणजे चेअरमन जिन यांग-चोल, त्याला विचारतात, काय हवं? तर हा शाळकरी पोरगा बुंदांगची जमीन मागतो. आजोबांना वाटतं पोराला मोकळं माळरान आवडलंय. पुढे सरकार तिथं नवं शहर वसवतं आणि जमिनीला सोन्याचा भाव येतो. हा प्रसंग या वेळी मागे नेऊन नेऊन बघितला. आजोबा झालेल्या ली सुंग-मिनच्या चेहऱ्यावर आधी गंमत आहे, मग क्षणभर एक बारीक संशय येऊन जातो. संवादात तो संशय कुठेच नाही. पुढच्या सगळ्या मालिकेत आजोबा-नातवाचं जे नातं आहे, प्रेमही आणि हिशेबही, त्याचं बी इथंच पेरलंय.

म्हणजे मालिका शब्द काय देते? ज्यांनी मारलं त्यांच्याच घरात जन्म घेऊन हा माणूस ते घर जिंकणार. मूळ वेब-कादंबरीत ते तसंच पुढे जातं. मालिकेत मात्र शेवटाकडे दो-जुनचा ट्रकखाली घात होतो आणि युन ह्यॉन-उ इस्पितळात शुद्धीवर येतो. बेशुद्ध होता तो जेमतेम आठवडाभर. वर हेही कळतं की खऱ्या दो-जुनच्या मृत्यूत कधीकाळी त्याचाही नकळत हात होता. मालिका या सगळ्याला प्रायश्चित्त म्हणते.

कल्पना म्हणून प्रायश्चित्त वाईट नाही, उलट सूडापेक्षा मोठी आहे. पण वही उघडून बघितली तर पहिल्या दोन भागांत ह्यॉन-उच्या मनाला कशाची टोचणी आहे असं एकही दृश्य टिपलेलं नाही. मूळ ट्रकची आठवण दुसऱ्या-तिसऱ्या भागात एकदा जरी चमकून गेली असती, तरी हाच शेवट मी मान्य केला असता. शिवाय चेअरमनचा मृत्यू आधीच होऊन गेल्यानं शेवटच्या भागांत त्या घराला वजनच उरत नाही. ली सुंग-मिन पडद्यावर असेपर्यंत बघा, हा सल्ला मी आता कोणालाही डोळे झाकून देईन.

‘ट्वेंटी-फाइव ट्वेंटी-वन’बद्दल मात्र मी भांडायला तयार आहे, त्या मालिकेच्या बाजूनं. टीव्हीएन वाहिनी, फेब्रुवारी ते एप्रिल २०२२. किम ते-री तलवारबाजी करणारी ना ही-दो, नाम जू-ह्यॉक दिवाळखोर घरातला बेक यी-जिन, मागे १९९७-९८ चं आर्थिक संकट. दोघं शेवटी वेगळी होतात आणि त्यावर आपल्याकडे किती रडारड झाली हे आठवत असेल. फसवलं, हा शब्द तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी होता.

पहिला भाग पुन्हा लावा. गोष्ट सुरू होते आजच्या काळात, ही-दोची मुलगी आईच्या जुन्या डायऱ्या वाचते तिथून. मुलीचं नाव किम मिन-चे. कोरियात मूल साधारणपणे बापाचं आडनाव लावतं. बापाचं आडनाव बेक असतं तर मुलगी किम कशी? म्हणजे मालिकेनं पहिल्याच भागात पत्ता उघडा टाकलेला आहे. पुढे मिन-चे आईला त्या पाच जणांच्या समुद्रावरच्या सहलीबद्दल विचारते आणि आईला ती सहल आठवतच नाही. तेव्हा कित्येकांना या दृश्याचा राग आला होता. मला या वेळी तेच सगळ्यात खरं वाटलं. मुलगी डायरीत वाचतेय तो उन्हाळा तिच्यासाठी आज घडतोय, आईसाठी तो वीस वर्षं मागे पडलाय, मध्ये नोकरी, लग्न, मूल, सगळं येऊन गेलंय. माझ्या आईला तिच्या कॉलेजच्या ट्रिपबद्दल विचारलं की तीही अशीच थांबते.

मग शेवट. यी-जिन बातमीदार म्हणून अमेरिकेत, सप्टेंबर २००१ चा हल्ला, रोज मृत्यूच्या बातम्या, फोन कमी होत जातात. कोणीही वाईट वागत नाही आणि नातं संपतं. बस-स्टॉपवर तो तिच्या बुटाची नाडी बांधून देतो आणि दोघं निरोप घेतात. तक्रार एकच करीन. शेवटच्या दोन भागांत घाई फार आहे. चौदा भाग निवांतपणे फुललेलं नातं दोन भागांत आटपल्यामुळे प्रेक्षकाला सावरायला वेळच मिळत नाही. दुराव्याला तिसरा भाग दिला असता तर एवढी ओरड झाली नसती असं मला मनापासून वाटतं.

‘स्टार्ट-अप’ लवकर उरकली, कारण तिथलं दुखणं पहिल्याच भागात सापडतं. तो सगळा भाग अनाथ हान जी-प्यॉंग आणि त्याला आसरा देणाऱ्या आजीचा आहे. आजीच्या नातीला, म्हणजे नायिकेला, आलेली पत्रं त्यानंच लिहिली. नाव तेवढं वर्तमानपत्रात छापून आलेल्या दुसऱ्या मुलाचं घेतलं. ज्याच्या दुःखावर तुम्ही तासभर कॅमेरा ठेवता तोच प्रेक्षकाला नायक वाटणार. पुढे कितीही वेळा सांगा की नायक तो दुसरा आहे, प्रेक्षक ऐकत नाही. २०२० च्या त्या आठवड्यांत जी-प्यॉंग झालेल्या किम सॉन-होच्या बाजूनं जी लाट उठली तिला नुसतं सेकंड लीडचं, म्हणजे दुय्यम नायकाचं, वेड म्हणणं अन्यायाचं आहे. लिखाणानंच ती उठवली.

आणि याच्या बरोबर उलट ‘रिप्लाय १९८८’. नायिका डॉक-सनचा नवरा कोण, जंग-ह्वान की तेक, या प्रश्नावर नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ कोरियात घराघरांत दोन पक्ष पडले होते. मीही जंग-ह्वानच्या पक्षातली, आजही आहे. तरी या यादीत ती मालिका खरं तर बसतच नाही, हे या वेळी नक्की झालं. अठराव्या भागातला तो प्रसंग घ्या. डॉक-सन एकटीच मैफलीच्या दाराशी थांबलीय हे कळल्यावर जंग-ह्वान गाडी काढतो. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल. पोचतो तेव्हा तेक आधीच तिथं उभा आहे, बादुकचा (‘गो’ या पटावरच्या खेळाचा) सामना सोडून आलेला. जंग-ह्वान गाडीत बसून स्वतःशी म्हणतो की दोष सिग्नलचा नव्हता, त्याच्या स्वतःच्या कचरण्याचा होता. यानंतर तो अंगठी पुढे ठेवून मनातलं सगळं बोलतो आणि मित्रांसमोर ते थट्टेवारी नेतो. मागे जाऊन पाहिलं तर सुरुवातीपासून हा मुलगा प्रत्येक वेळी दारापर्यंत जाऊन परत फिरतो. त्याचं हरणं इतक्या काळजीनं लिहिलंय की माझा पक्ष हरला तरी मालिकेनं माझा मान राखला असं वाटतं. उरतं एवढंच की अंगठीच्या प्रसंगानंतर जंग-ह्वानला मालिका जवळजवळ सोडून देते. त्याच्या मनाचं पुढे काय झालं, हे एका छोट्या दृश्यात तरी दाखवायला हवं होतं.

‘क्वीन ऑफ टियर्स’वर जास्त लिहीत नाही, आठवण ताजी आहे. एप्रिल २०२४ मधल्या शेवटच्या भागाला २४.९ टक्के मिळाले आणि त्याच लेखिकेच्या, पार्क जी-उनच्या, ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’चा २१.७ टक्क्यांचा टीव्हीएनवरचा विक्रम मोडला. पहिले आठ भाग मला आजही अत्यंत आवडतात. तीन वर्षांच्या संसारात बोलणं बंद पडलेलं जोडपं, आणि घटस्फोटाचा कागद खिशात असताना नवऱ्याला कळतं की बायको आजारी आहे. याहून सुंदर सुरुवात अलीकडे बघितलेली नाही. मग शस्त्रक्रिया, स्मृतिभ्रंश, अपघात, अपहरण, गोळीबार असं सगळं एकामागून एक. दोन माणसं पुन्हा एकमेकांशी बोलायला शिकणार होती, आणि नेमकी ती शिकण्याची दृश्यं या धावपळीत चिरडली गेली. २०७४ साल कोरलेल्या थडग्याचं शेवटचं दृश्य तेवढं वेगळं काढून जपावं असं आहे.

हे वारंवार का होतं, यावरही थोडं वाचलं. सोळा भागांचा साचा, प्रत्येक भाग तासाच्या वर, आणि पूर्वी बऱ्याच मालिकांचं लेखन नि चित्रीकरण प्रक्षेपण चालू असतानाच व्हायचं. शेवटच्या आठवड्यात सेटवर ताजी पानं येणं नित्याचं होतं. म्हणून सुरुवात घासूनपुसून लखलखीत आणि शेवट घाईत गुंडाळलेला. २०१६ मध्ये ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ पूर्ण तयार करून मग दाखवली आणि ती ३८.८ टक्क्यांवर गेली. तेव्हा वाटलं होतं की आता प्रश्न सुटला. पण ‘रीबॉर्न रिच’चं चित्रीकरण घाईत झालं असं कोणी म्हणणार नाही, तरी शेवट बिघडलाच. मला वाटतं, वेळेपेक्षा मोठी अडचण ही आहे की शेवटी प्रेक्षकाला धक्का द्यायलाच हवा असं निर्मात्यांना वाटतं. ही खोड जुनी आहे. २००४ मध्ये निम्मा देश बघत असलेल्या ‘लव्हर्स इन पॅरिस’नं शेवटी सांगितलं की हे सगळं नायिकेनं लिहिलेलं कथानक होतं, आणि लोक तेव्हाही चिडले होते.

बारा भागांच्या मालिकांत हे कमी दिसतं. शिन वॉन-हो यांनी २०२० मध्ये ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’ आठवड्याला एकच भाग, एकूण बारा, अशी केली आणि तिच्यात कुठेही धाप लागलेली जाणवत नाही. आपल्या मराठी मालिका वर्षानुवर्षं ताणल्या जातात त्याला कंटाळून आपल्यातले कितीतरी जण कोरियन मालिकांकडे वळले. गोष्टीला ठरलेला शेवट असतो हेच तर मोठं आकर्षण होतं. म्हणून तो शेवट बिघडला की आपल्याला जास्त लागतं.

सध्या ‘मेमरीज ऑफ द अल्हाम्ब्रा’ चालू आहे. ग्रनाडाच्या गल्ल्या, डोळ्यातली लेन्स, मेलेला प्रतिस्पर्धी पावसात तलवार घेऊन समोर येतो तेव्हाचा गिटारचा सूर. पहिले दोन भाग अजूनही अंगावर काटा आणतात. फ्लॅशबॅकचा अतिरेक कुठून सुरू होतो ते या वेळी भागागणिक लिहून ठेवतेय. त्यानंतर ‘स्कार्लेट हार्ट : र्‍यो’. तिच्या शेवटावर आपल्या मंडळींत एकमत कधीच होत नाही, म्हणून ती एकटीनं बघणार नाही. मूळ चिनी मालिका ज्यांनी पूर्ण बघितलीय अशा कोणीतरी माझ्यासोबत शेवटचे चार भाग बघावेत आणि कुठे काय बदललंय ते सांगावं. शनिवारी रात्री जमेल.